सुटा भाव आधी, जोडीचा भाव नंतर

मुलांच्या शिक्षणाच्या खर्चाची यादी पूर्वी वह्या, पुस्तके, गणवेश आणि फी एवढ्यावर संपत असे. आता त्या यादीत कॉम्प्युटर येऊन बसला आहे. १९९० च्या दशकात आमच्या विश्रांतवाडीत कॉम्प्युटर म्हणजे क्लासच्या थंडगार खोलीत, चपला दाराबाहेर काढून पाहायची वस्तू होती. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाला आणि पुढे नोकरीच्या फॉर्मवर त्याच्या दाखल्याची विचारणा होऊ लागली. आज डिप्लोमाला किंवा बी.कॉम.ला असलेल्या मुलामुलींचे काम कॉम्प्युटरवाचून अडते. मोबाईलवर फॉर्म भरता येतो, पण चाळीस पानांचा प्रोजेक्ट किंवा यंत्राचे ड्रॉइंग मोबाईलवर होत नाही.

नवा कोरा कॉम्प्युटर एकदम घेणे सर्वांनाच झेपत नाही. म्हणून सुटे भाग आणून जोडणी करायची, किंवा घरातला जुना डबा उघडून आतले मुख्य भाग तेवढे बदलायचे, हा मार्ग आपल्यातले पुष्कळ लोक धरतात. मार्ग चांगलाच आहे. मात्र या मार्गावर पहिल्याच वळणाला एक शब्द भेटतो. तो शब्द म्हणजे 'कॉम्बो'. प्रोसेसर आणि मदरबोर्ड जोडीने घ्या आणि इतके हजार वाचवा, असे दुकानदार सांगतो आणि मोबाईलवरची जाहिरातही सांगते. यात खरी सवलत किती आणि बोलाचीच कढी किती, हे कसे ओळखावे, ते आज सांगणार आहोत.

आम्हाला लागलेली ठेच

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे म्हणतात. ठेच आम्हाला लागलेली आहे, शहाणपण वाचकांनी घ्यावे.

आमची धाकटी बहीण आमच्याच भागात राहते. मेहुणे रिक्षा चालवतात. २०२३ साली भाची कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला दुसऱ्या वर्षाला होती. दिवाळीच्या आधी बहिणीची भिशी लागली, पंचवीस हजारांची. त्यातून भाचीच्या जुन्या मशीनचे आतले भाग बदलायचे आणि उरलेले पैसे तिच्या फीसाठी ठेवायचे, असे ठरले. चार पुस्तके वाचलेला माणूस म्हणून बहिणीने आम्हाला सोबत नेले.

शहरातल्या एका दुकानात गेलो. दिवाळीची गर्दी होती. दुकानदार म्हणाला, "साहेब, दोन्ही सुटे घ्याल तर बावीस हजार होतील. कॉम्बोमध्ये अठरा. सरळ चार हजार वाचतात." भाचीने आमची बाही ओढली आणि हळूच म्हणाली, "मामा, मॉडेलचं नाव नीट बघू या का?" आम्ही म्हणालो, "अगं, यांचा रोजचा धंदा आहे. त्यांना कळत नाही का?" पैसे मोजून दिले आणि पेढे घेऊन घरी आलो.

रात्री गल्लीतल्या एका मुलाने जोडणी केली. पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच. तीन तास खटपट झाली. शेवटी त्या मुलाने प्रोसेसरचे खोके उचलून दिव्याखाली धरले आणि नावाच्या शेवटचे एक अक्षर दाखवले. ते अक्षर होते 'एफ'. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर त्याच्या आत चित्र दाखवण्याची सोय नसते. त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लावावेच लागते. भाचीला हीच शंका आली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "माल बिघडलेला नाही, खोके फुटलेले आहे, परत कसा घेऊ?" खरे सांगायचे तर त्याचे चूक नव्हते. आम्ही काय काम करायचे ते सांगितले नव्हते आणि त्याने विचारले नव्हते. त्याच दिवशी शहाणपण सुचून तेच दोन भाग दुसऱ्या दोन दुकानांत सुटे विचारले. बेरीज झाली साडेअठरा हजार. म्हणजे चार हजारांची सवलत प्रत्यक्षात पाचशे रुपयांची निघाली. वर वापरलेले ग्राफिक्स कार्ड साडेतीन हजारांना घ्यावे लागले, तेही मनासारखे मिळायला महिना गेला. एकूण तीन हजारांचा खड्डा पडला आणि तो भाचीच्या फीच्या पैशांतून भरावा लागला. तो महिनाभर भाची धानोरीला मैत्रिणीच्या घरी जाऊन प्रोजेक्ट करत होती आणि मेहुणे रात्री नऊ वाजता धंदा सोडून तिला आणायला जात होते. ती आम्हाला एका शब्दाने बोलली नाही. ते न बोलणेच जास्त लागले.

ही जोडी आहे तरी काय

ज्यांना हे भाग ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा हिशेब करणारा भाग, बिस्किटाएवढा चौकोनी. मदरबोर्ड म्हणजे ज्या पाटीवर तो प्रोसेसर, रॅम आणि बाकीचे सर्व भाग बसतात ती पाटी. जात्याच्या दोन तळ्या एकमेकींच्या मापाच्या नसतील तर दळण होत नाही, तसेच या दोघांचे आहे. प्रोसेसर बसण्याच्या खाचेला सॉकेट म्हणतात आणि सॉकेट जुळलेच पाहिजे.

इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे नेहमीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए १७०० या सॉकेटात बसतात. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ लागते. एएमडी कंपनीचे रायझेन प्रोसेसर आधी एएम ४ सॉकेटात बसत, २०२२ पासून एएम ५ आले. एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डावर बसत नाही. दोन्ही भाग एकमेकांवाचून निरुपयोगी असल्यामुळे ते जोडीने विकण्याची रीत पडली, आणि जुळवाजुळवीची चिंता नको म्हणून नवख्या माणसाला जोडी बरीही वाटते.

दुकानदार सवलत का देतो

कोणीही दुकानदार घर जाळून कोळशाचा व्यापार करत नाही. तो सवलत देतो त्यामागे त्याची कारणे असतात आणि ती जाणून घेतली तर आपला फायदा कुठे आहे ते दिसते.

पहिले कारण असे की नवी पिढी आली की जुन्या पिढीचा माल दुकानात अडकतो. त्यातही बोर्ड जास्त अडकतो. ज्या सॉकेटचे प्रोसेसर बाजारातून संपत आले, त्याचा बोर्ड पुढे कोण घेणार? म्हणून दुकानदार मागणी असलेल्या प्रोसेसरबरोबर तो बोर्ड बांधून देतो. दुसरे कारण, मोठे वितरक दुकानदारांना ठराविक नग विकले तर काही रक्कम सोडतात आणि त्यातली थोडी तो गिऱ्हाइकाला देतो. तिसरे कारण, जोडी घेणारे गिऱ्हाईक रॅम, डबा, पॉवर सप्लाय हेही बहुधा तिथेच घेते. जोडीत सोडलेले पाचशे रुपये या इतर वस्तूंवर भरून निघतात.

पहिल्या कारणाची सवलत आपल्या फायद्याची असू शकते. एक पिढी मागचा प्रोसेसर अभ्यासाला, टॅलीला आणि प्रोग्रॅम लिहायला उत्तम चालतो. सर्वांत नव्या मालासाठी जास्त पैसे मोजण्याची आपल्या घरांना गरज नाही. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणाची सवलत इतर दुकानांच्या भावाशी ताडून पाहिल्याशिवाय खरी मानू नये.

हिशेब कसा मांडावा

एक वहीचे पान घ्या. वर लिहा, हे मशीन कोण वापरणार आणि कशासाठी. मग जाणत्या माणसाला विचारून प्रोसेसर आणि बोर्ड यांची पूर्ण नावे, शेवटच्या अक्षरासकट लिहा. 'आय फाइव्ह' एवढे नाव म्हणजे नुसते आडनाव झाले. पिढी आणि अक्षर लिहिल्याशिवाय माणूस ओळखू येत नाही.

नंतर तीन ठिकाणी भाव विचारा. प्रत्येक ठिकाणी तीन आकडे घ्यायचे: सुटा प्रोसेसर, सुटा बोर्ड आणि दोघांची जोडी. तिन्ही आकडे जीएसटी धरून आणि त्याच दिवशीचे हवेत, कारण हे भाव आठवड्याला हलतात. आता नमुन्याचा हिशेब पाहा. आकडे फक्त रीत समजावी म्हणून घेतले आहेत.

पहिल्या दुकानात प्रोसेसर ११,५०० रुपये, बोर्ड ८,२०० रुपये, जोडी १८,९०० रुपये. दुकानदार म्हणतो, आठशे वाचले. दुसऱ्या दुकानात प्रोसेसर ११,९००, बोर्ड ७,४००, जोडी १८,८००. हा म्हणतो, पाचशे वाचले. तिसऱ्या दुकानात जोडी नाहीच, प्रोसेसर ११,२०० आणि बोर्ड ८,०००. जास्त सवलत देणारे पहिले दुकान जोडीत शंभर रुपयांनी महागच आहे. आणि तिसऱ्याकडचा प्रोसेसर व दुसऱ्याकडचा बोर्ड सुटे घेतले तर १८,६०० रुपयांत काम होते. म्हणजे सवलतीच्या कोणत्याही जोडीपेक्षा सुटा मालच स्वस्त पडला.

याचा अर्थ जोडी कधीच घेऊ नये असा नाही. दुसऱ्या दुकानदाराने दोन्ही भाग समोर जोडून, पडद्यावर चित्र आणून दाखवले, तर आम्ही ते दोनशे रुपये आनंदाने जास्त देऊ. मशीन चालले नाही तर बोर्डवाला प्रोसेसरकडे बोट दाखवतो आणि प्रोसेसरवाला बोर्डाकडे. एकाच दुकानातून घेतले की हे भांडण उरत नाही. पण ते दोनशे आपण कशासाठी देतो आहोत हे आपल्याला ठाऊक असावे.

आणखी एक गोष्ट. खोक्यावर छापलेली एमआरपी आणि बाजारातला भाव यांत या धंद्यात पुष्कळ अंतर असते. एमआरपीवरून काढलेली 'चाळीस टक्के सूट' ही सूट नव्हे. आपण बाजारभावाशीच तुलना करावी.

जोडीच्या पोटात लपलेला खर्च

जोडीचा भाव ठरला की त्यात आणखी काय काय घालावे लागेल ते त्याच पानावर लिहा. पहिला खर्च चित्राचा. इंटेलमध्ये एफ नसलेला प्रोसेसर घ्या. एएमडीच्या एएम ४ मालिकेत रायझेन ५६०० मध्ये चित्राची सोय नाही, ५६००जी मध्ये आहे. एका अक्षराचा हा फरक आम्हाला साडेतीन हजारांना पडला होता.

दुसरा खर्च रॅमचा. रॅम डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा दोन जातींची येते आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एएम ४ ला डीडीआर ४ लागते, एएम ५ ला डीडीआर ५ च लागते. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात. २०२५ च्या अखेरीस एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांकडे चिपा वळल्या आणि साध्या गिऱ्हाइकाच्या रॅमचे भाव भडकले. तेव्हा घरात डीडीआर ४ ची चांगली रॅम पडलेली असेल, तर ती चालेल असाच बोर्ड शोधा. जोडीत हजार रुपये वाचवून रॅमवर त्याच्या कितीतरी पट घालवणे म्हणजे आवळा देऊन कोहळा काढू देणे.

तिसरा खर्च पंख्याचा. सीलबंद खोक्यातल्या साध्या प्रोसेसरबरोबर बहुधा पंखा येतो. इंटेलच्या नावाशेवटी 'के' असेल तर येत नाही, एएमडीच्या काही मॉडेलांतही येत नाही, आणि सुट्या 'ट्रे' मालात तर नसतोच.

चौथा खर्च बायोसचा. बोर्डाच्या आत कायमचा एक प्रोग्रॅम असतो, त्याला बायोस म्हणतात. जुन्या साठ्यातला बोर्ड नंतर आलेल्या प्रोसेसरला ओळखत नाही. सॉकेट जुळते, पण मशीन सुरू होत नाही. बाराव्या पिढीच्या वेळी आलेल्या एच ६१० बोर्डावर चौदाव्या पिढीचा प्रोसेसर लावताना, किंवा एएमडीच्या बी ४५० बोर्डावर रायझेन ५००० मालिकेतला लावताना असे होऊ शकते. म्हणून पैसे देण्याआधीच विचारा, "बायोस अपडेट केलेला आहे का? नसेल तर करून देणार का, आणि त्याचे वेगळे पैसे घेणार का?"

फारच स्वस्त जोडी दिसली तर

तीन-चार हजारांत 'आय फाइव्ह कॉम्बो' अशी पाटी दिसली तर थोडे थांबा. अशा जोडीत बहुधा कार्यालयांतून निघालेला दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर असतो आणि त्याच्याखाली एच ६१ किंवा एच ८१ जातीचा बोर्ड असतो. एच ६१ ही जात २०११ ची आणि एच ८१ ही २०१३ ची. बोर्ड नवा छापलेला असला तरी घराणे जुनेच. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. लिनक्स टाकून ही जुनी जोडी टायपिंगला आणि व्हिडिओ पाहून शिकायला अजून वापरता येते. त्या हिशेबाने, डोळे उघडे ठेवून घेतली तर वाईट नाही. पण तिला नवी समजून घेऊ नये.

ज्या घरात फक्त टायपिंग, फॉर्म आणि एमएस-सीआयटीचा सराव एवढेच काम आहे, तिथे जोडीच्या फंदात न पडता कार्यालयातून निघालेला पूर्ण डेस्कटॉप पाहावा. आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, चालू स्थितीतला, दुकानाच्या लेखी वॉरंटीसह. त्यात डबा, पॉवर सप्लाय, रॅम सगळे आलेले असते. खर्चाची पूर्ण बेरीज केली तर पुष्कळदा तोच स्वस्त पडतो.

बिल, खोके आणि सॉकेट

प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोघांवरही जीएसटी १८ टक्के आहे. १५,००० च्या मालावर २,७०० रुपये कर होतो. "बिल नको असेल तर कमी करतो," असे कोणी म्हणाले की हे २,७०० रुपये डोळ्यांपुढे नाचतात. मोह आवरा. बिल नसेल तर वॉरंटी मागायला गेल्यावर हातात काही राहत नाही. बिलावर 'कॉम्बो १ नग' असे मोघम लिहून घेऊ नका. प्रोसेसर वेगळ्या ओळीत, बोर्ड वेगळ्या ओळीत, प्रत्येकाची किंमत आणि सिरियल नंबर वेगळा लिहून घ्या. उद्या एकच भाग बिघडला तर त्याची किंमत काय धरायची, हा वाद होत नाही. ऑनलाइन जोडी घेतली असेल तर एक भाग परत केल्यावर सवलत रद्द होते का, तेही अटींत आधी वाचावे.

सीलबंद खोक्यातल्या प्रोसेसरला इंटेल आणि एएमडी तीन वर्षांची वॉरंटी देतात. ट्रेचा माल मुळात मशीन बनवणाऱ्यांसाठी असतो, त्याची जबाबदारी विकणाऱ्यावर राहते, कंपनी तुमच्याशी थेट बोलत नाही. जोडी स्वस्त दिसली की पहिला प्रश्न हाच विचारा, "खोक्यातला की ट्रेचा?" ही वॉरंटी नुसती कागदावरची नाही. २०२४ साली इंटेलने तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही जास्त शक्तीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत बिघाड होत असल्याचे मान्य केले आणि त्यांची वॉरंटी आणखी दोन वर्षांनी वाढवली. तेव्हा ज्यांच्याकडे बिल आणि खोके जपून ठेवलेले होते, त्यांचे काम सोपे झाले.

दुकानातून निघण्याआधी बोर्डाचे सॉकेट उजेडात पाहा. एलजीए सॉकेटात केसासारख्या बारीक पिना असतात. एक जरी वाकली तरी बोर्ड वाया जाऊ शकतो, आणि वाकलेल्या पिनेला वॉरंटी मिळत नाही. एएम ४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तिथे प्रोसेसर उलटा करून पाहा. घरी आल्यावर केलेली तक्रार कोणी मानत नाही.

सवलत वेगळी, सक्ती वेगळी

२०२१ च्या आसपास चिपांच्या टंचाईत ग्राफिक्स कार्ड हवे असेल तर सोबत बोर्ड किंवा पॉवर सप्लायही घ्या, असा आग्रह आपल्याकडच्या बाजारात सर्रास झाला. गिऱ्हाइकाला नको असलेली वस्तू हव्या असलेल्या वस्तूच्या गळ्यात बांधणे हे सवलत देणे नव्हे. जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणे ही प्रतिबंधक व्यापारी प्रथा मानली आहे. बिल न देणे आणि सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे याही अनुचित प्रथा आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. मात्र लक्षात ठेवा, आमच्यासारखा न बघता घेतलेला चुकीचा माल हा 'सदोष माल' होत नाही. कायदा फसवणुकीपासून वाचवतो, घाईपासून वाचवत नाही.

हप्त्यांविषयीही दोन शब्द. 'बिनव्याजी हप्ते' पाहून पुष्कळांचा हात खिशाकडे जातो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. व्याज किमतीत किंवा सोडून दिलेल्या सवलतीत लपलेले असते, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो. रोखीचा भाव आणि हप्त्यांची पूर्ण बेरीज शेजारी लिहून पाहा.

कधी आणि कुठे

ऑनलाइन दुकानांची मोठी विक्री २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास असते. तेव्हा बँकेच्या कार्डावर मिळणारी सवलत पुष्कळदा जोडीच्या सवलतीपेक्षा मोठी असते. कार्ड घरात नसेल तर नात्यातल्या विश्वासाच्या माणसाचे चालते, पण पैसे त्याच दिवशी द्यावेत. नाते टिकते. शाळा-कॉलेज सुरू होण्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या गर्दीत दुकानात मात्र भाव कमी करून मिळणे कठीण. दुकानाला सवड असेल तेव्हा जावे.

विश्रांतवाडीहून मनपापर्यंत बस आहे. २०१५ साली संगमवाडीमार्गे बीआरटीही सुरू झाली. मनपाला उतरून नवा पूल ओलांडला आणि शनिवारवाड्यावरून पुढे गेले की बुधवार पेठ. तिथली तपकीर गल्ली इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक मालासाठी सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. मुंबईला जाणे-येणे असेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, हा या मालाचा मोठा बाजार. पण फक्त भाव बघायला मुंबईचे तिकीट काढू नका. ते भाडेही हिशेबाच्या पानावर लिहावे लागते.

पाच घरांची जोडी

शेवटी एक अनुभव सांगून थांबतो. आमची ठेच गल्लीत सगळ्यांना कळलीच होती. २०२४ च्या मे महिन्यात गल्लीतल्या आणखी चार घरांना मुलांसाठी मशीन करायचे होते. कोणाचे आई-वडील महापालिकेत झाडूखात्यात, कोणाचे खडकीच्या कारखान्यात, कोणी घरकाम करणाऱ्या ताई. आमचे शेजारी एक पाचवे निघाले. पाचही घरांनी एक दिवस बसून यादी केली. काम सर्वांचे जवळजवळ सारखेच होते, म्हणून प्रोसेसर आणि बोर्ड एकच ठरवला. मग तीन दुकानांत सांगितले, एकाच मॉडेलच्या पाच जोड्या हव्यात, बिले पाच वेगवेगळ्या नावांची, पैसे रोख.

तेव्हा कळले की भाव खाली येतो तो प्रोसेसरबरोबर बोर्ड बांधल्याने तेवढा नाही, जेवढा पाच घरे एकत्र बांधल्याने. शेवटी मिळालेला भाव सर्वांत स्वस्त सुट्या बेरजेपेक्षा प्रत्येक जोडीमागे सहाशे रुपयांनी कमी होता, बायोस दुकानानेच अपडेट करून दिला आणि पाचही जोड्या काउंटरवर चालवून दाखवल्या. सहाशे रुपये ही काही मोठी रक्कम नव्हे. पण घरकाम करणाऱ्या त्या ताईंनी तिथल्या तिथे त्या पैशांतून मुलासाठी की-बोर्ड आणि माउस घेतला.

त्या दिवशी हिशेबाचे पान आम्ही हातात धरले नव्हते. ते भाचीकडे होते. दुकानदार सवयीने आमच्याकडे बघून बोलत होता, "साहेब, हे मॉडेल घ्या, यात जास्त सूट आहे." भाचीने खोके उचलून शेवटचे अक्षर वाचले आणि म्हणाली, "हे एफचं आहे, दादा. हे नको." आम्ही या वेळी मध्ये बोललो नाही.